साठ फुटांत हरवलेला पाऊण सेकंद: 14.10 ची फॉक्स मस्टँग 12 च्या घरात कशी येते

गाडी आहे 1990 ची फोर्ड मस्टँग एलएक्स 5.0, पाच गिअरची मॅन्युअल. 1979 ते 1993 या पिढीला अमेरिकेत 'फॉक्स बॉडी' म्हणतात. डिअरबॉर्न, मिशिगन इथल्या कारखान्यात बनलेली ही गाडी हलकी, मागच्या चाकांवर चालणारी आणि व्ही8 इंजिनाची आहे. सुटे भाग मुबलक मिळतात, म्हणून तिकडच्या ड्रॅग शर्यतींच्या, म्हणजे पाव मैल सरळ धावण्याच्या, पट्ट्यांवर ती अजून ठिकठिकाणी दिसते. कारखान्यातून निघताना 302 घनइंचांचं इंजिन 225 अश्वशक्ती आणि 300 पौंड-फूट टॉर्क देतं.

इथे घेतलेली स्थिती या गाड्यांत सगळ्यात जास्त आढळणारी आहे. फेरी संपल्यावर वेळांची जी छापील चिठ्ठी मिळते, तिच्यावरचे आकडे हिशेब उलगडून दाखवण्यासाठी, अशा गाडीच्या नेहमीच्या मर्यादेतले घेतले आहेत.

मालकाने पैसे इंजिनावर घातले आहेत: मोठी थ्रॉटल बॉडी, मोकळा एअर फिल्टर, हेडर, मोकळा एक्झॉस्ट, आणि इग्निशनचं बेस टायमिंग 10 अंशांवरून 14 वर. आवाज जोरदार आहे, वरच्या आरपीएमला गाडी ओढते, तरी पाव मैलाची वेळ 14 सेकंदांच्या खाली येत नाही. आता त्याला सिलिंडर हेड आणि कॅम घ्यायचा आहे. तो खर्च आत्ताच करणं चूक ठरेल, आणि त्याचा पुरावा त्याच्याच हातातल्या चिठ्ठीत आहे.

चिठ्ठी काय सांगते

(सुटल्यापासून त्या अंतरापर्यंत लागलेले सेकंद)

60 फूट: 2.35
330 फूट: 6.09
660 फूट: 9.21
1000 फूट: 11.86
1320 फूट: 14.10, वेग ताशी 102 मैल

पाव मैल म्हणजे 1320 फूट, साधारण 402 मीटर. शेवटचा वेग अखेरच्या 66 फुटांची सरासरी असतो. हा वेग गाडीच्या ताकदीबद्दल बहुतेक खरं बोलतो, कारण सुरुवातीला चाक फिरलं तरी त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. एकूण वेळ मात्र सुरुवातीवरच ठरते.

ड्रॅगवाल्यांची दोन जुनी सूत्रं आहेत. वजन पौंडात आणि ताकद अश्वशक्तीत धरली, तर शेवटचा वेग म्हणजे 234 गुणिले (ताकद भागिले वजन) याचं घनमूळ, आणि वेळ म्हणजे 5.825 गुणिले (वजन भागिले ताकद) याचं घनमूळ. चालकासह वजन 3300 पौंड धरलं, तर ताशी 102 मैलांना सुमारे 270 अश्वशक्ती लागते. तेवढ्या ताकदीची गाडी नीट सुटली तर 13.4 च्या आसपास यायला हवी. म्हणजे इंजिनाने दिलेला जवळजवळ पाऊण सेकंद वाटेत कुठेतरी सांडतो आहे.

दोन्ही सूत्रांचा गुणाकार केला की वजन आणि ताकद दोन्ही कटतात आणि 1363 उरतात. म्हणून कुठलीही चिठ्ठी हातात आली की वेळ आणि वेग यांचा गुणाकार करून बघायचा. 1363 च्या आसपास आला तर गाडी आपली ताकद जमिनीवर उतरवते आहे, आता ताकद वाढवा. इथे 14.10 गुणिले 102 म्हणजे 1438 येतात. ही गाडी सुटताना मार खाते. 60 फुटांचे 2.35 तेच सांगतात.

60 फुटांत वाचलेला 0.1 सेकंद शेवटच्या रेषेवर साधारण 0.15 ते 0.2 होऊन मिळतो. सुरुवातीला लवकर वेग घेतलेली गाडी पुढचं प्रत्येक फूट जास्त वेगाने कापते, म्हणून हे व्याज मिळतं. पट्ट्यावर याहून स्वस्त सेकंद कुठेच नाही.

2.35 ची कारणं दोन असू शकतात आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत. क्लच सोडताच आरपीएमचा काटा एकदम वर गेला तर चाक फिरतं आहे. काटा 2500 च्या खाली पडून गाडी मान टाकत असेल तर इंजिन दबतं आहे. काट्यावर मोबाईल लावून एक फेरी रेकॉर्ड केली की उत्तर मिळतं. या गाडीत चाक फिरतं आहे. खाली 225/60 आर15 मापाचे रस्त्याचे टायर आहेत, त्यामुळे नवल नाही.

टायर आणि हवा

पहिला खर्च टायरचा: 255/60 आर15 मापाचे ड्रॅग रेडियल (पट्ट्यासाठी बनवलेले चिकट रबराचे टायर) आणि मागे 8 इंच रुंद रिम. फॉक्सला चार नटांचं चाक येतं. रिम घेताना ऑफसेट मोजूनच घ्या, नाहीतर टायर बाहेरच्या बाजूला क्वार्टर पॅनेलला (मागच्या चाकावरच्या पत्र्याला) किंवा आतल्या बाजूला शॉकला घासतो.

गरम टायरमध्ये 18 पीएसआयपासून सुरुवात करून प्रत्येक फेरीला 1 पीएसआय कमी करत जायचं. 60 फुटांची वेळ सुधारायची थांबली की एक पाऊल मागे यायचं. सुटल्यावर जमिनीवर उमटलेला काळा पट्टा बघा. मध्यभाग गडद आणि कडा फिक्या असतील तर हवा जास्त, कडा गडद आणि मध्य फिका असेल तर कमी. हवा फार उतरवली तर शेवटच्या टप्प्यात गाडी मागून डुलते. पुढच्या टायरमध्ये मात्र 38 ते 40 ठेवा, रोलिंगचा विरोध कमी होतो. रिम आणि टायरवर मिळून खडूची एक आडवी रेघ मारून ठेवा. फेरीनंतर रेघ तुटलेली दिसली तर टायर रिमवर सरकतो आहे.

बर्नआउटमध्ये, म्हणजे सुटण्याआधी चाकं जागीच फिरवून टायर तापवताना, नवखे नेहमी एक गोष्ट चुकतात. ड्रॅग रेडियलला खाचा असतात, त्यामुळे पाण्याच्या डबक्यातून गाडी सरळ नेली की पाणी खाचांत आणि चाकाच्या खोबणीत बसतं आणि स्टार्टच्या रेषेवर टायरपुढे ठिबकतं. डबक्याला वळसा घालून पुढे जायचं, रिव्हर्समध्ये मागची चाकं फक्त ओल्या कडेवर आणायची आणि दुसऱ्या गिअरमध्ये धुराचा पहिला थर दिसेपर्यंतच फिरवायची. पूर्ण गुळगुळीत स्लिक असेल तर गोष्ट वेगळी, ते पाण्यातून नेले तरी चालतात आणि त्यांना जास्त तापवावं लागतं. पुढचे ब्रेक धरून ठेवायला लाइन लॉक बसवला की मागचे ड्रम जळत नाहीत.

मागचा एक्सल आणि चार आर्म

फॉक्सच्या मागे एकसंध एक्सल आहे. तो दोन खालच्या आणि दोन तिरक्या वरच्या आर्मनी बांधलेला असतो. आर्मचे रबरी बुश मऊ असल्याने जोराने सुटताना एक्सल गुंडाळला जातो, सुटतो, पुन्हा गुंडाळला जातो. मग मागची चाकं जमिनीवर आपटत नाचू लागतात. कारखान्याने हे थांबवायला आडवे जास्तीचे शॉक दिले होते, पण चिकट टायर लावल्यावर ते पुरत नाहीत.

खालचे आर्म बॉक्स केलेले, कडक बुशचे घ्या. वरच्या आर्मच्या दोन्ही टोकांना मात्र पॉलियुरेथेन घालू नका. ते आर्म तिरके असल्याने एक्सल वरखाली होताना त्यांना पीळ सहन करावा लागतो. कडक बुश तो पीळ पडू देत नाही, मग सस्पेन्शन अडकतं आणि ओढ बॉडीतल्या जोडांवर जाते. वर रबर ठेवा किंवा गोलाकार सांध्याचे आर्म घ्या.

आता उजवं मागचं चाक. प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंतचा दांडा) ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेच्या पिळाने एक्सल डावीकडे दाबला जातो आणि उजवीकडे उचलला जातो. उजव्या चाकावरचं वजन कमी झालं की तेच आधी सुटतं. फॉक्समध्ये मागची कॉइल स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते, त्यामुळे तिच्या पोटात रबरी एअर बॅग घालता येते. डावीकडे 4 ते 5 पीएसआय, उजवीकडे 12 ते 15 पीएसआय भरून सुरुवात करा. सुटताना गाडी उजवीकडे ओढली तर उजवीकडची हवा वाढवा, डावीकडे ओढली तर कमी करा. या कामाला दुसरं इतकं स्वस्त साधन नाही.

पुढून वजन मागे यायला हवं असेल तर नाक लवकर उठलं पाहिजे. पुढचा स्वे बार (वळणात गाडी कलू न देणारा आडवा दांडा) काढला आणि 90/10 स्ट्रट (सहज वर उठणारे, पण सावकाश खाली बसणारे शॉक) बसवले की ते होतं. पण स्वे बार काढलेली गाडी रस्त्यावर वळणात जास्त कलते. रोज चालवायची असेल तर बार फक्त पट्ट्यावर उतरवा.

डिफ्रन्शियलही आधी तपासा. यात ट्रॅक्शन-लॉक, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोर पोचवणारी यंत्रणा, असतं, पण त्याच्या क्लच प्लेट झिजलेल्या असल्या तर बर्नआउटमध्ये एकच काळी रेघ उमटते. तसं असेल तर प्लेटचा संच बदला आणि एक्सल तेलात 4 औंस फ्रिक्शन मॉडिफायर घाला.

एवढ्यावर अशी गाडी 60 फुटांना 1.95 आणि एकूण 13.50 ला ताशी 101.5 मैल इथे येते. गुणाकार 1370. इंजिनाला हात लागलेला नाही.

क्राउन-पिनियन

नव्या टायरने एक तोटाही आणला. जुन्या टायरचा व्यास 25.6 इंच होता, नव्याचा 27 इंच. गाडीतलं क्राउन-पिनियनचं (एक्सलमधल्या शेवटच्या गिअरच्या जोडीचं) 3.08 चं गुणोत्तर त्यामुळे 2.92 सारखं वागू लागलं. 27 इंची टायरवर तिसऱ्या गिअरमध्ये 5200 आरपीएमला ताशी 102 मैल होतात. म्हणजे तिसरा संपतो तिथेच शर्यत संपते, चौथा कामालाच येत नाही आणि पहिला गिअर फार लांब पडतो.

3.73 घेतलं की चाकाला प्रत्येक गिअरमध्ये 21 टक्के जास्त ओढ मिळते. तिसरा गिअर ताशी 84 मैलांना संपतो, चौथा 3900 ला पकडतो आणि रेषेवर 4750 च्या आसपास पोचतो. जवळपास मूळ कॅमच्या या इंजिनाचा तोच उत्तम पट्टा आहे. 4.10 घेतलं तर शेवटी काटा 5200 च्या पुढे जातो, तिथे हे इंजिन दमलेलं असतं. आरपीएम काढायचे तर ताशी मैल गुणिले क्राउन-पिनियनचं गुणोत्तर गुणिले गिअरचं गुणोत्तर गुणिले 336, भागिले टायरचा व्यास इंचात. कागदावर हे एकदा मांडून बघितल्याशिवाय क्राउन-पिनियन विकत घेऊ नये.

8.8 इंची एक्सलची बसवणी नीट न झाल्यास दोन महिन्यांत रडगाणं सुरू होतं. पिनियनची खोली शिमने ठरवायची. क्रश स्लीव्ह (नट आवळताना चेपून बेअरिंगवरचा दाब ठरवणारी नळी) प्रत्येक वेळी नवी. पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगवरचा तो दाब, फिरवायला लागणाऱ्या जोरात मोजलेला) नव्या बेअरिंगला 16 ते 29 इंच-पौंड, जुन्याला 8 ते 14. क्रश स्लीव्ह दाबताना प्रीलोड जास्त झाला तर नट मागे फिरवून भागत नाही, स्लीव्ह फेकून दुसरी घ्यावी लागते. बॅकलॅश (दोन गिअरच्या दातांमधली मोकळीक) 0.008 ते 0.015 इंच, आणि क्राउनच्या तीन-चार ठिकाणी मोजायचा. शेवटी दातांवर मार्किंगचा रंग लावून फिरवा, ठसा दातांच्या मध्यावर आला पाहिजे. बसवल्यावर पहिली फेरी सावकाश, वीसेक मिनिटांची, मग पूर्ण थंड होऊ द्या. जोर नंतर. स्पीडोमीटरचा प्लास्टिकचा गिअरही बदला, नाहीतर काटा खोटं दाखवतो.

आता 60 फूट 1.82, एकूण 13.27 ला 102. एक अश्वशक्तीही न वाढवता 0.83 सेकंद परत मिळाले.

आता काय तुटेल

आतापर्यंत टायर फिरत होता आणि तोच फ्यूजसारखा जोर सोडून देत होता. तो फिरायचा थांबला की पुढचं कमकुवत ठिकाण पुढे येतं. फॉक्समध्ये ही ठिकाणं ठरलेली आहेत.

पहिलं ठिकाण टॉर्क बॉक्स, म्हणजे मागचे आर्म जिथे बॉडीला जोडलेले असतात तो पत्र्याचा डबा. स्पॉट वेल्डचे टाके एकेक सुटत जातात. आधी रंगाला केसासारखी चीर दिसते, मग क्लच सोडताना 'ठक' आवाज येतो. चीर दिसायची वाट न बघता मजबुतीच्या पट्ट्या वेल्ड करून घ्या. त्याच वेळी पुढच्या आणि मागच्या सबफ्रेमला जोडणारे सबफ्रेम कनेक्टर लावा. वेल्डिंग करताना गाडीचं वजन चाकांवर असलं पाहिजे. लिफ्टवर लटकत असताना जोडले तर बॉडी त्याच वाकलेल्या आकारात पक्की होते आणि दारं नीट बसत नाहीत.

दुसरं ठिकाण टी-5 गिअरबॉक्स. 1990 च्या टी-5 ला सुमारे 300 पौंड-फुटांची मर्यादा धरली जाते. दुसऱ्यातून तिसऱ्यात दणकून गिअर टाकताना तिसऱ्याचे दात जातात. ॲल्युमिनियमची केसिंग ताणली जाऊन शाफ्ट एकमेकांपासून सरकतात, दात टोकावर पकडतात आणि तिथेच मोडतात. 4500 वर क्लच एकदम सोडण्यापेक्षा 3000 च्या आसपास धरून, थोडा घसरवत सोडला तर 60 फुटांत फारसं जात नाही आणि गिअरबॉक्स जगतो. पैसे असतील तर टी-5झेड किंवा ट्रेमेक टीकेएक्स (आधीच्या टीकेओची जागा आता त्याने घेतली आहे).

तिसरं ठिकाण क्लचचा प्लास्टिकचा स्वयंचलित क्वाड्रंट, म्हणजे पेडलवरचा केबल ओढणारा दातेरी तुकडा. जड क्लच लावला की त्याचे दात उडतात आणि पेडल जमिनीला टेकतं. ॲल्युमिनियमचा क्वाड्रंट, चांगली केबल आणि फायरवॉलवर हाताने फिरवायचा ॲडजस्टर हा एकत्र संच लावा. ॲडजस्टरशिवाय नुसता क्वाड्रंट लावला तर जुळणी कधीच धड बसत नाही.

चौथं ठिकाण एक्सल शाफ्ट. मूळचे 28 स्प्लाइनचे (टोकावरच्या 28 खाचांचे) असतात आणि आत एका छोट्या सी-क्लिपने अडकवलेले असतात. शाफ्ट तुटला तर चाकासकट बाहेर सरकतो. 31 स्प्लाइनचे शाफ्ट स्लिक लावण्याआधी बसवून टाका.

वजन

100 पौंड कमी केले की साधारण 0.1 ते 0.13 सेकंद मिळतात. पण कुठून कमी केले हेही महत्त्वाचं आहे. या गाडीचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या चाकांवर असतं, म्हणून पुढून काढलेल्या पौंडाचा फायदा दुहेरी: स्वे बार, वापरात नसलेलं एसी, हलकं बॉनेट. बॅटरी डिकीत, उजव्या मागच्या चाकावर न्या. मात्र बॅटरी हलवली की बाहेरून, मागच्या बाजूने हात पोचेल असा मुख्य कटऑफ स्विच लागतोच, तांत्रिक तपासणीत तो बघतात. स्टेपनी आणि जॅक पट्ट्यावर उतरवा. टाकी पाव भरलेली ठेवा, त्याहून रिकामी असेल तर सुटताना पेट्रोल मागे सरकून पंप हवा ओढू शकतो.

150 पौंड उतरले तर 13.06 ला 103.5.

आता इंजिन

गुणाकार 1352 आला. गाडी आपली ताकद पूर्ण वापरते आहे. हेड घ्यायची वेळ आता झाली.

मूळच्या ई7टीई हेडमध्ये 1.78 इंची इनटेक आणि 1.46 इंची एक्झॉस्ट व्हॉल्व्ह असतात. कोंडी तिथेच आहे. त्यांच्यावर मोठा कॅम बसवला तर खालचा पिकअप जातो आणि वर काही मिळत नाही. हेड, कॅम आणि इनटेक मॅनिफोल्ड एकमेकांना जुळणारे, एकाच वेळी. 1.90 किंवा 2.02 इंची व्हॉल्व्ह असलेली ॲल्युमिनियमची हेड घेतली तर मूळच्या पिस्टनवरच्या खाचा त्या व्हॉल्व्हसाठी कापलेल्या नाहीत हे ध्यानात ठेवा. पिस्टनवर मातीचा गोळा ठेवून, जुना गॅस्केट घालून, हाताने इंजिन दोन फेरे फिरवा आणि माती कापून मोजा. इनटेकला किमान 0.080 आणि एक्झॉस्टला 0.100 इंच अंतर हवं. हे न करता स्टार्टर मारणं म्हणजे वाकलेले व्हॉल्व्ह.

पेट्रोलचा हिशेब: तासाला 19 पौंडाचे आठ इंजेक्टर, 85 टक्के ड्यूटीवर, प्रति अश्वशक्ती अर्धा पौंड धरला तर 258 अश्वशक्ती होतात. आधीच काठावर होते. 24 पौंडी 326 पर्यंत आणि 30 पौंडी 408 पर्यंत पुरतात. 330 चं लक्ष्य असेल तर 30 घ्या, सोबत ताशी 190 किंवा 255 लिटरचा पंप. प्रेशर व्हॅक्यूमची नळी काढून 39 पीएसआय. 1990 च्या गाडीत आत जाणारी हवा मोजणारा मास एअर मीटर असतो म्हणून कॅम बदलता येतो, 1987 च्या स्पीड-डेन्सिटी (हवा न मोजता दाबावरून अंदाज करणाऱ्या) गाडीत आधी ते रूपांतर करावं लागतं. इंजेक्टरप्रमाणे 'कॅलिब्रेट' केलेला मीटर कॉम्प्युटरला कमी हवा दाखवतो. त्याला वाटतं भार कमी आहे, आणि तो टायमिंग पुढे ढकलतो. त्यामुळे पुन्हा मोजताना स्पाउटची (कॉम्प्युटरकडून टायमिंगचा संदेश नेणारी) जोडणी काढून बेस 10 अंशांवर आणा आणि वाइडबँड (एक्झॉस्टमधलं हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा मीटर) बघत एकेक अंश वाढवा. नॉक (अवेळी पेट घेतल्याचा ठोका) ऐकू येण्याची वाट बघू नका. चिप किंवा ट्यून करून घेणं जास्त चांगलं.

3150 पौंडांना 330 अश्वशक्ती म्हणजे सूत्राप्रमाणे 12.36. 60 फुटांना 1.74 राखता आले तर 12.38 ला 110 ही रास्त अपेक्षा आहे. शिफ्ट आता 5800 ते 6000 वर, आणि 4.10 चा विचार आता करायला हरकत नाही.

नोंदी आणि नियम

एका फेरीला एकच बदल. टायरची हवा, हवामान, सुटतानाचे आरपीएम, शिफ्टचे आरपीएम चिठ्ठीच्या मागे लिहा. उष्ण दुपारी आणि थंड संध्याकाळी मिळालेल्या वेळा सरळ तोलू नका. हवा उष्ण असो वा उंचावरची, विरळ झाली की ताकद जाते: समुद्रसपाटीपासून दर 1000 फुटांना साधं इंजिन साधारण 3 टक्के ताकद गमावतं. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग धावणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू होतो, आणि पट्टा चिकट नसेल तर टायर आणि हवेवर आणखी जास्त वेळ द्यावा लागतो.

वेळ समोरचं चाक स्टेजच्या (स्टार्टच्या रेषेवरच्या) किरणातून बाहेर पडल्यावर सुरू होते, हिरवा दिवा लागल्यावर नाही. रेषेवर उभं राहताना स्टेजचा दुसरा दिवा लागताच थांबलात, म्हणजे 'शॅलो' उभे राहिलात, तर चाकाला किरण सोडण्याआधी थोडं अंतर फुकट मिळतं आणि वेळ सुधारते. रिॲक्शन टाइम तेवढाच बिघडतो. शर्यत जिंकायची की वेळ मोजायची हे त्या फेरीपुरतं आधी ठरवा.

एनएचआरएच्या (अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या संघटनेच्या) नियमांत 13.99 आणि त्याहून वेगवान गाडीला हेल्मेट लागतं. स्लिक लावले तर त्याच आकड्याला ड्राइव्हशाफ्ट लूपही (तुटलेला प्रॉपेलर शाफ्ट धरून ठेवणारं कडं) लागतो. रस्त्यावर चालणाऱ्या टायरना 11.49 पर्यंत सूट आहे, पण तो लूप आधीच लावा. पुढचा यू-जॉइंट तुटला तर शाफ्ट जमिनीत रुतून गाडी उलटवू शकतो. 11.49 ला रोल बार, एसएफआय (शर्यतीच्या भागांची सुरक्षा ठरवणारी संस्था) प्रमाणित क्लच, फ्लायव्हील आणि बेलहाउसिंग लागतात. 10.99 ला सी-क्लिपऐवजी बाहेरून धरणारे एक्सल. यापुढे नायट्रस किंवा ब्लोअरने 500 अश्वशक्तीच्या दिशेने जायचं असेल, तर मूळचा 302 ब्लॉक लिफ्टरच्या दरीतून मेन बेअरिंगपर्यंत उभा चिरतो. तेव्हा आधी ब्लॉकचं बजेट करा.